चार ओळींची जागा

"बाई, चौकट उघडी राहिली. चार ओळी कमी पडतात," रज्जाकचाचा म्हणाले.

चाचा आमचे कंपोझिटर. चष्मा कपाळावर, बोटं शाईने काळी, आणि माझ्याकडे बघत होते अशा नजरेने की जणू त्या चार ओळी मीच खाल्ल्या.

गुरुवारची दुपार होती. आमचं 'नीरातीर' साप्ताहिक शुक्रवारी सकाळी फलटणभर वाटलं जायचं, म्हणजे पान संध्याकाळपर्यंत मशीनवर चढायलाच हवं. संपादक हैबतराव जगताप मेहुणीच्या लग्नाला लोणंदला गेलेले. उरलो चाचा आणि मी. मी म्हणजे इंदुमती रणवरे, तेव्हा वय तेवीस, इंग्रजी घेऊन बी.ए., हुद्दा मुद्रितशोधक. जगाच्या चुका काढायच्या आणि वर बोलणीही आपणच खायची, असं ते काम. साल एकोणीसशे ब्याऐंशी.

चौकट होती प्राध्यापक त्र्यंबक ओगले यांची. ओगलेसर कॉलेजातून निवृत्त झालेले आणि आमच्याकडे 'शब्दांची अडगळ' नावाचं सदर लिहायचे. इंग्रजीतले मेलेले, विसरलेले शब्द उकरून काढायचे आणि त्यांच्या जन्माची गोष्ट सांगायची. हिवाळ्यातल्या उन्हाच्या उबेला इंग्रजीत कधीकाळी 'ॲप्रिसिटी' म्हणत, हे फलटणकरांना सरांमुळे कळलं. ज्यातलं कळत नाही त्यात अक्कल पाजळणारा तो 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. एका चपला शिवणाऱ्याने म्हणे चित्रातल्या चपलेची चूक काढली, ती चित्रकाराने सुधारली, तेव्हा गडी चेकाळून पायालाही नावं ठेवायला लागला. त्यावर चित्रकार म्हणाला, बाबा रे, चपलेच्या वर येऊ नकोस. तिथून तो शब्द निघाला. हैबतरावांनी तो पाठ करून नगरपालिकेच्या सभेत वापरला होता. ज्याला वापरला त्याने आभार मानले.

"काय टाकू?" चाचा म्हणाले. "छत्री दुरुस्तीची जाहिरात आहे."

"सरांच्या चौकटीत छत्री? काहीतरीच काय! थांबा जरा."

आता खरं सांगायचं तर सरळ उठून ओगलेसरांच्या घरी जाऊन चार ओळी मागता आल्या असत्या. घर पायी दहा मिनिटांवर. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि माझ्या अंगात किडे होते. शिवाय सरांचा एक नेम अख्ख्या गावाला ठाऊक होता. ते स्वतःचं छापलेलं कधीच वाचत नसत. "छापलेलं वाचलं की चुका दिसतात, चुका दिसल्या की डोकं फिरतं, आणि डॉक्टरने डोकं फिरवू नका म्हणून सांगितलंय," असं ते म्हणायचे. मग कोण बघतंय?

मी पेन उचललं आणि लिहिलं: 'ब्लॅडविक. निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात अर्धा तास बोलत उभा राहणारा पाहुणा. मूळ अर्थ जळून गेलेली वात. पाहुणा बोलत राही, घरधनीण दिवा धरून उभी राही, आणि बोलणं संपेतो वात संपे. आता हा शब्द गेला, पाहुणे राहिले.'

बरोब्बर चार ओळी. चाचांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, चौकट बंद झाली.

पुढच्या आठवड्यात सरांच्या सदरावर सात पत्रं आली. एरवी महिन्याला एक यायचं, तेही सरांच्या साडूचं. एका बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्याकडे दर रविवारी एक ब्लॅडविक येतो, त्यावर उपाय छापावा.' हैबतराव तर खूश.

"बघ इंदे, सर कसे खुललेत! याला म्हणतात व्यासंग."

मी मान खाली घालून मुद्रितं तपासत राहिले. एकच ओळ चारदा वाचली, कारण मजा करताना डोकं वापरायचं असतं हे मला नेहमी मजा संपल्यावर आठवतं. सरांच्या घरून कुणी येईल, ओरडतील, माझी नोकरी जाईल, असं आठवडाभर वाटत राहिलं. कुणी आलं नाही. उलट त्यानंतर वर्षभरात पाच वेळा सदर चार ओळी कमी आलं. प्रत्येक वेळी चाचा माझ्याकडे बघायचे आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "छत्री टाका."

दोन वर्षांनी हैबतरावांच्या डोक्यात आलं की सदराचं पुस्तक काढायचं. आमच्याच छापखान्यात छापायचं, अक्षय तृतीयेला प्रकाशन, आणि प्रमुख पाहुणे पुण्याचे डॉ. पुरंदर बर्वे. बर्वे हे सरांचे कॉलेजातले सोबती आणि तेव्हापासूनचे हाडवैरी. एक शब्द कुणी चुकीचा वापरला तर चालू भाषणात उठून सांगणारा माणूस. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. 'येतो. पण आधी छापलेली प्रत पाठवा. प्रत्येक शब्द तपासून येईन, आणि एक जरी खोटा निघाला तरी व्यासपीठावरून तसं सांगेन.'

हैबतरावांनी एकशे तीस शब्दांच्या मुद्रितांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"एकेक शब्द कॉलेजच्या लायब्ररीतल्या मोठ्या कोशात बघून घे. सरांची अख्ख्या आयुष्याची अब्रू आहे ही. एक शब्द खोटा निघाला ना, तर बर्वे माइकवर सांगणार, सर पुन्हा घराबाहेर तोंड दाखवायचे नाहीत. आणि तूही दुसरीकडे कुठंतरी बघ मग."

मी मनातल्या मनात हसले. खोटा शब्द एकच, तो कुठला ते मला माहीत. लायब्ररीत बसले, बारा खंड पुढ्यात मांडले, ब्लॅडविकवर पहिल्याच मिनिटाला काट मारली आणि उरलेले शब्द नावापुरते बघायला घेतले.

'पेनहॅल्ट. पुढ्यातला चहा थंड होईपर्यंत पुस्तकातून मान वर न काढणारा.' कोशात नाही. म्हटलं, नजर चुकली असेल. पुन्हा बघितलं. नाही.

'मॉर्डलिंग. वस्तू डोळ्यांसमोर असताना ती कुठे आहे म्हणून घर डोक्यावर घेणारा पुरुष. मूळ शब्द डेन्मार्कच्या कोळ्यांचा, आंधळ्या सीलसाठी वापरत.' नाही.

'क्विस्टर. बायकोने केलेलं लोणचं पाहुण्यांना "आम्ही घातलंय" म्हणून वाढणारा.' नाहीच.

आता प्रत्येक शब्द नीट बघायला लागले. संध्याकाळी लायब्ररी बंद होईपर्यंत मोजले. माझा धरून अठरा. अगं बया! म्हणजे ज्या माणसाला गाव वाकून नमस्कार करतं तो तीन वर्षं आपल्याला थापा मारतोय? मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. मी एकटीच चोर नव्हते.

पण घरी ते सतरा शब्द पुन्हा वाचले तेव्हा काहीतरी खटकलं. सरांचे खरे शब्द पाद्र्यांचे, चित्रकारांचे, राजेरजवाड्यांचे. हे सतरा मात्र सगळे चहा, लोणचं, हरवलेला चष्मा, न उचललेलं ताट. ज्यांनी आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही त्या सरांना हे सुचलं कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा घेऊन सरांच्या घरी गेले. दार द्वारकाकाकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी, साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात गवारीच्या शेंगांनी भरलेलं सूप.

"सर आहेत?"

"झोपलेत पडवीत. ऐकू येतंय ना?" येत होतं. घोरणं उंबऱ्यापर्यंत पोचत होतं. "बस. काय काम काढलंस?"

"काकू, सरांच्या पुस्तकात... म्हणजे मी एक मोठी चूक केलीय." आणि मग मी सगळं ओकून टाकलं. चार ओळी, ब्लॅडविक, बर्व्यांचं पोस्टकार्ड. रडूही आलं, कारण सर कसे का असेनात, मला ते आवडायचे.

काकू शेंगा मोडत ऐकत होत्या. माझं संपलं तसं म्हणाल्या, "म्हणजे ती तू! दोन वर्षं वाट बघतेय मी."

"कुणाची?"

"तुझीच गं. ब्लॅडविक छापून आला तेव्हाच कळलं मला, तिकडे कुणीतरी आपल्यातलं बसलंय. लेख माझ्या हातचा. यांना मोतीबिंदू, दिसत नाही. हे सांगतात, मी उतरून घेते, मग चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून देते. त्यात ब्लॅडविक नव्हता. मग मी मुद्दाम पाच वेळा चार ओळी सोडल्या तुझ्यासाठी. आणि तू काय लावलंस?"

"छत्री," मी म्हणाले.

"छत्री! इतका राग आला होता ना मला तुझा."

मी गठ्ठा उघडला आणि सतरा शब्दांची यादी पुढे धरली. "आणि हे, काकू?"

काकूंनी यादी वाचली, पदर तोंडाला लावला आणि खुदुखुदू हसायला लागल्या. त्यांचं हसू बघून मलाही आवरेना. पडवीतलं घोरणं मध्येच थांबलं. काकूंनी हात वर केला, आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. घोरणं पुन्हा सुरू झालं.

"पहिला शब्द सहज लिहिला," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तीन पानं पाद्र्यांवर सांगितली यांनी, मला कंटाळा आला. दोन पाद्री गाळले आणि पेनहॅल्ट घातला. चहा पुढ्यात थंड होत होता, त्यावरून सुचलं. हे थोडेच वाचतात छापलेलं! मग सवयच लागली. सातवी शिकलेय मी, इंदू. पण तीस वर्षं यांच्या नोट्स लिहिल्यात, परीक्षांचे पेपर लिहिलेत, त्या कोशातली पानंच्या पानं उतरवलीत. इंग्रजी शब्द कसा दिसतो, त्याचे आईबाप कसे सांगायचे, हे मला चांगलं समजतं."

"मग आता?"

हसू ओसरलं त्यांचं. "आता काय! काट सगळे. माझ्या चाळ्यांपायी यांची मान खाली गेलेली मला चालणार नाही. आण तुझं लाल पेन."

एकेक शब्द त्या स्वतः काटत गेल्या. पेनहॅल्ट गेला, मॉर्डलिंग गेला, क्विस्टर काटताना "पण खरंय की नाही?" एवढंच म्हणाल्या. शेवटच्या शब्दावर मात्र पेन थांबलं. मी वाकून वाचलं.

'हेस्टरिन. दुसऱ्याचं पुस्तक सुवाच्य अक्षरात लिहून काढणारी, जिचं नाव पुस्तकात नसतं. हेस्टर नावाची एक जोगीण इंग्लंडातल्या मठात चाळीस वर्षं पोथ्या उतरवीत असे. चाळीस पोथ्या तिच्या हातच्या, एकीवरही तिचं नाव नाही.'

"हा राहू दे ना, काकू."

"नको. बर्वे सोडायचा नाही." त्यांनी काट मारली, पण रेघ अशी फिकट की अक्षरं खालून स्वच्छ दिसत होती. मग त्या गवारीकडे वळल्या.

आमच्या धंद्यात एक खूण असते. काटलेला मजकूर तसाच राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. टिंबं दिसली की कंपोझिटर काट विसरतो. छापखान्यात आल्यावर मी गठ्ठा घेऊन अर्धा तास नुसती बसले. सरांची अब्रू, माझी नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मग हेस्टरिनच्या खाली एकेक करून टिंबं दिली आणि विचार बदलायच्या आत गठ्ठा चाचांच्या हातात ठेवला.

"एकच ठेवायचा?" चाचांनी विचारलं.

"एकच."

मधल्या काळात सरांचं साताऱ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला, सर पुन्हा वाचायला लागले. पुस्तकाच्या प्रती घरी गेल्या तेव्हापासून माझी झोप उडाली होती. नेम मोडून सरांनी हे छापलेलं वाचलं तर? आणि नाही वाचलं, तरी बर्वे वाचणारच होते.

अक्षय तृतीयेला सभागृह भरलं. बायकांच्या तिसऱ्या रांगेत काकू, मोतिया रंगाचं लुगडं, चेहरा शांत. त्यांना वाटत होतं सतराच्या सतरा गेले, म्हणून पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं. मी पुस्तकांच्या टेबलापाशी उभी, एकच चळत पुन्हा पुन्हा रचत.

बर्वे उठले. बारीक, ताठ, कागदांचा जुडगा हातात.

"पुस्तकात एकशे तेरा शब्द आहेत," ते म्हणाले. "एकशे बारा मी तपासले. चोख आहेत. त्र्यंबक, इतकं चोख काम तुझ्याकडून मी अपेक्षिलं नव्हतं." लोक हसले. "एक शब्द मात्र कुठंच नाही. कोशात नाही, बोलींच्या संग्रहात नाही, जुन्या पोथ्यांत नाही. सांगेन म्हटलं होतं, म्हणून सांगतोय. तो शब्द हेस्टरिन."

काकूंनी झटकन मान वळवून माझ्याकडे बघितलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. हैबतराव व्यासपीठावर पांढरेफटक पडले.

सर हळूहळू उठले. चष्मा नाकावर नीट बसवला, पुस्तक उघडलं आणि तो उतारा शांतपणे, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचला.

"पुरंदर, सगळे कोश पाहिलेस?"

"सगळे."

"तिथं नाही मिळायचा. याचा उगम फलटणचा आहे. माझ्या घराची पडवी, दुपारी दोन ते चार."

"म्हणजे शब्द खोटा आहे."

"शब्द बनवलेला आहे," सर म्हणाले. "बाई खरी आहे. ती काय, तिसऱ्या रांगेत बसलीय. चाळीस पोथ्या नसतील, पण मी आयुष्यभरात लिहिलेला एकूण एक कागद तिच्या हातचा आहे. तू एकशे तेरा शब्दांत एक चूक काढलीस. खरी चूक तुला दिसलीच नाही, ती मुखपृष्ठावर आहे. हैबतराव, शुद्धिपत्र लावावं लागेल."

लोक तिसऱ्या रांगेकडे वळून बघायला लागले. मग बर्वे, ते हाडवैरी बर्वे, माइकपाशी आले आणि म्हणाले, "मान्य. चूक माझ्या नजरेतून सुटली." आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली. काकू उठल्या नाहीत, हसल्या नाहीत, नुसत्या पदराने डोळे पुसत राहिल्या. मीही रडत होते, आणि चाचा शेजारून म्हणत होते, "बाई, पुस्तकं भिजतील."

शुद्धिपत्र त्याच आठवड्यात छापलं. एकच ओळ: 'मुखपृष्ठावर लेखकाचे नाव त्र्यंबक ओगले व द्वारका ओगले असे वाचावे.' पाचशे प्रतींत पाचशे चिठ्ठ्या खळ लावून मी स्वतः चिकटवल्या. हैबतराव मला बोलले, भरपूर बोलले, पण नोकरीवर ठेवलं. पाचशेच्या पाचशे प्रती महिनाभरात संपल्यावर कोण काढणार होतं मला?

चिठ्ठ्या लावलेल्या वीस प्रती द्यायला मी सरांच्या घरी गेले. सर पडवीत आडवे झालेले, घोरत होते. काकूंनी चहा दिला, टिंबं देण्याबद्दल पाठीत एक धपाटा घातला आणि मग डोक्यावरून हात फिरवला. "निघते," म्हणून मी उठले. उंबऱ्यात चपला घातल्या आणि बोलायला लागलो. क्विस्टरचं काय करायचं, मॉर्डलिंग किती गोड होता, ते सतरा पुन्हा कुठंतरी छापता येतील का. ऊन उंबऱ्यावरून सरकून ओट्याखाली गेलं तरी आमचं चालूच होतं.

तेवढ्यात घोरणं थांबलं आणि पडवीतून खणखणीत आवाज आला.

"द्वारके, त्या ब्लॅडविकला एकतर आत घे, नाहीतर घरी तरी जाऊ दे!"

आम्ही दोघी जागच्या जागी गार. ब्लॅडविक पुस्तकात नव्हता. तो छापला गेला होता एकदाच, दोन वर्षांपूर्वी, ज्या अंकाचं पान सरांना तेव्हा दिसतही नव्हतं.

काकू तरातरा पडवीत गेल्या, मागोमाग मी, एका पायात चप्पल तशीच.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

सर उठून बसले. चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या कपाळावरच होता.

"वाण्याने मला 'या पेनहॅल्टसाहेब' म्हटलं तेव्हापासून. तीन वर्षं झाली. रस्त्यात लोक थांबवून ज्या शब्दांसाठी मला शाबासकी द्यायचे, त्यातला एकही मी सांगितलेला नसायचा."

"मग बोलला का नाहीत?" काकूंचा आवाज चिरकला.

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस," सर म्हणाले. "मला दिसत नव्हतं गं. दर शुक्रवारी वाण्याकडे जाऊन बसायचो, या आठवड्यात तू काय लिहिलंस ते ऐकायला."

काकू पुढे झाल्या. त्यांनी सरांच्या कपाळावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. मी दुसरी चप्पल काढली आणि आत येऊन बसले.